आधी तक्रार वाचायला शीक

अगं, तुझा काल रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी शांतपणे वाचला. वर्गातल्या मुलांनी गिटहबवर खाती उघडली, कुणी कुठे कोड दिला म्हणून स्टेटस ठेवले, आणि तुला वाटायला लागलं की आपण मागे पडलो. 'ताई, मला अजून सी प्लस प्लस धड येत नाही, मग ओपन सोर्समध्ये मी करू तरी काय?' असं विचारलंयस. बाळा, करण्यासारखं खूप आहे. त्यातल्या एका कामाला कोड लागत नाही. चिकाटी लागते, खरं तेवढंच लिहायची सवय लागते आणि समोरच्या अनोळखी माणसाबद्दल थोडी माया लागते. लोकांनी नोंदवून ठेवलेल्या तक्रारी वाचायच्या, तपासायच्या आणि मार्गी लावायच्या, हे ते काम. कोड येईपर्यंतचा वेळ घालवायला म्हणून मी ते सुचवत नाही. इतकी वर्षं या धंद्यात राहून मला मनापासून वाटतं की सुरुवात इथूनच करावी.

प्रत्येक मोठ्या मुक्त सॉफ्टवेअरचा एक बग ट्रॅकर असतो. काही बिघडलेलं दिसलं की कुणालाही तिथे नोंद करता येते. नोंदीला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाखालची पुढची सगळी चर्चा जगाला वाचता येते. मोझिलासाठी टेरी वाइसमन यांनी १९९८ मध्ये बगझिला लिहिलं. आज लिब्रेऑफिस, केडीई, जीसीसी अशा कितीतरी प्रकल्पांच्या तक्रारी बगझिलावरच असतात. डेबियनचा कारभार ईमेलने चालतो. ग्नोम २०१८ मध्ये गिटलॅबवर गेलं, नकाशाचं सॉफ्टवेअर असलेल्या क्यूजीआयएसने २०१९ मध्ये आपल्या नोंदी गिटहबवर नेल्या, आणि विकिपीडियाचं सगळं, म्हणजे आपल्या मराठी विकिपीडियाचंसुद्धा, २०१४ पासून फॅब्रिकेटरवर आहे. तिथे नवी नोंद पडली की तिच्यावर आपोआप 'नीड्स ट्रायाज' असं लागतं. अजून कुणी हिच्याकडे पाहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि पाहायला माणसं नाहीत, ही खरी अडचण. तक्रार करणारे हजारो, दुरुस्त करणारे मोजके. एकच गोष्ट दहा जणांनी दहा नावांनी लिहिलेली असते. कुणी नुसतं 'चालत नाही' असं लिहून निघून गेलेलं असतं. काही बिघाड दोन आवृत्त्यांपूर्वीच दुरुस्त झालेले असतात, पण नोंद तशीच उघडी. नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास देणारा डेव्हलपर ही यादी उघडतो आणि त्याचा पहिला तास कुठली तक्रार खरी, कुठली शिळी हे शोधण्यातच जातो. तो तास त्याला परत मिळवून देणं हे तुझं काम.

हे तुला जमेल असं मी उगाच म्हणत नाही. तू हिवरे बाजारची आहेस. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले त्याआधीचं गाव आपल्या आजीकडून तू ऐकलंयस. आटलेल्या विहिरी, कामासाठी बाहेर पडलेली माणसं, दारू, भांडणं. तक्रारींना तेव्हाही तोटा नव्हता. फरक पडला तो तक्रार ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायची आणि तिचं काय झालं तेही सगळ्यांसमोर सांगायचं, या शिस्तीने. आजही पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. पर्जन्यमापकावर किती पाऊस नोंदला गेला, निरीक्षण विहिरींची पातळी किती, हे आधी. मग माणसांचं आणि जनावरांचं प्यायचं पाणी बाजूला, मग शेतीचं, आणि काही पुढच्यासाठी राखून. त्या आकड्यांवरून यंदा कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर का नाही, ऊस का नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं, कारण नकार देताना कारण उघडपणे दिलेलं असतं. आधी मोजायचं, मग बोलायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर का नाही ते लिहून ठेवायचं. ट्रॅकरवर बसणाऱ्या माणसाला एवढंच यावं लागतं. शहरातल्या कितीतरी हुशार मुलांना ते वर्षानुवर्षं शिकवावं लागतं गं. तू ते बघत मोठी झालीस.

आता कामाचं बोलू.

आधी एकच प्रकल्प निवड, आणि तू स्वतः रोज वापरतेस असाच निवड. नाव मोठं आहे म्हणून लिनक्स कर्नलकडे धावू नकोस. तुझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तू नालाबांध आणि समतल चर क्यूजीआयएसमध्ये नकाशावर घेते आहेस ना? मग क्यूजीआयएस घे. पाण्याच्या कामाशी त्याचा आपल्याकडे जवळचा संबंध आहे. शासनाच्या पोकरा या शेती प्रकल्पातल्या गावांसाठी आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पाण्याचा ताळेबंद मांडायचं साधन क्यूजीआयएसवरच चालेल असं बनवलं होतं. किंवा लिब्रेऑफिस घे. तिथले गुणवत्ता तपासणारे लोक नव्या माणसाला सांभाळून घेतात, आणि 'अनकन्फर्म्ड' म्हणजे अजून कुणी खात्री न केलेल्या नोंदींची यादी कायम भरलेली असते. दोन्ही एकदम घेऊ नकोस.

मग आठवडाभर काहीही लिहू नकोस, फक्त वाच. प्रकल्पाची योगदानाची पानं वाच आणि गेल्या महिन्यात बंद झालेल्या नोंदी वाच. बंद झालेल्या मुद्दाम म्हणते. कुणी काय विचारलं, कशामुळे उलगडा झाला, कुठल्या शब्दांत नोंद मिटवली, हे त्यांत दिसतं. प्रत्येक प्रकल्पाची रीत निराळी असते. केडीईमध्ये माहिती मागून ती आली नाही तर नोंद महिनाभरात आपोआप बंद होते, लिब्रेऑफिसमध्ये कितीतरी महिने वाट बघतात. ही रीत कळण्याआधी बोललीस तर लोक तुटक उत्तर देतील, आणि तुला ते लागेल. मी तुला ओळखते.

नंतर यादीतली एक नोंद उघड आणि ती आपल्या लॅपटॉपवर घडते का ते बघ. सगळ्यात मोलाचं काम हेच. चांगल्या तक्रारीत तीन गोष्टी असतात: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्या नसतील तर तू त्या भरून काढायच्या. आधी सध्याची नवी आवृत्ती टाक. जुन्या आवृत्तीवर तपासून 'होतंय' म्हणण्यात अर्थ नाही. मग सेटिंग कोरी कर. लिब्रेऑफिसमध्ये सेफ मोड आहे, फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड आहे, क्यूजीआयएसमध्ये नवा युजर प्रोफाइल काढता येतो. निम्म्या तक्रारींचं मूळ कुठल्यातरी प्लगइनमध्ये किंवा बिघडलेल्या सेटिंगमध्ये असतं असा माझा अनुभव आहे. त्यानंतर नोंदीतल्या पायऱ्या जशाच्या तशा कर. आपल्या मनाने सुधारून करू नकोस. आणि जे दिसलं ते आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि तारखेसह लिही. लिब्रेऑफिसच्या 'अबाउट' खिडकीत ही सगळी माहिती एका बटणावर कॉपी होते, ती तशीच चिकटव.

तक्रार तुझ्याकडे घडली नाही, तर तेही लिही, पण 'माझ्याकडे चालतंय' एवढंच लिहून सोडू नकोस. माणसाला ते खोटं पाडल्यासारखं वाटतं. या या आवृत्तीवर, अशा पायऱ्यांनी करून पाहिलं, घडलं नाही, तुमच्याकडे काही वेगळं आहे का, असं विचार. एका वेळी एकच प्रश्न विचार. सात प्रश्नांची यादी पाठवलीस तर समोरचा एकाचंही उत्तर देत नाही.

काही बिघाड पूर्वी नसतात आणि एखाद्या नव्या आवृत्तीत अचानक येतात. त्यांना रिग्रेशन म्हणतात. अशा वेळी कोड न वाचताही तू गुन्हेगाराच्या दारापर्यंत पोचू शकतेस. चांगली चालणारी जुनी आवृत्ती आणि बिघडलेली नवी आवृत्ती यांच्या बरोबर मधली आवृत्ती चालवून बघायची. तिच्यात बिघाड असेल तर मागच्या अर्ध्यात शोधायचं, नसेल तर पुढच्या अर्ध्यात. हजारभर बदल झाले असले तरी दहाएक वेळा निम्मं केलं की नेमका एक बदल हाती येतो. फायरफॉक्ससाठी मोझरिग्रेशन नावाचं साधन आहे, लिब्रेऑफिसवाले याला बिबायसेक्ट म्हणतात आणि त्यासाठी आधीच बांधून ठेवलेल्या आवृत्त्या देतात. एवढं तू करून दिलंस की डेव्हलपरला कुठे बघायचं ते कळतं. या एका गोष्टीने तुझं नाव त्यांच्या लक्षात राहील, हे मी खात्रीने सांगते. पण आवृत्त्या उतरवून घ्यायला डेटा भरपूर जातो, तेव्हा ते कॉलेजच्या वायफायवर कर. मोबाइलच्या पॅकवर नको.

दुहेरी नोंदींबद्दल थोडं सावध राहा. दोन तक्रारी सारख्या दिसतात म्हणून त्या एकच असतात असं नाही. 'फाइल उघडताना प्रोग्रॅम बंद पडतो' ही लक्षणं झाली. कारणं शंभर असू शकतात. कारण एक असल्याची खात्री झाली तरच एकीला दुसरीची डुप्लिकेट म्हण. ठेवायची कुठली? जुनी असेल तीच ठेवावी असा नेम नाही. जिच्यात पायऱ्या स्पष्ट आहेत, नमुना फाइल जोडलेली आहे, ती ठेव. दुसरीतला उपयोगी भाग तिच्यात उतरव, म्हणजे कुणाचे कष्ट वाया जात नाहीत. जीसीसीची ३२३ क्रमांकाची नोंद एकदा सवडीने उघडून बघ. जुन्या इंटेल प्रोसेसरवर दशांशांची आकडेमोड हवी त्याहून जास्त अचूकतेने होते आणि त्यामुळे उत्तरं जुळत नाहीत, असा तो विषय. २००० सालची ती नोंद. तिला जोडलेल्या डुप्लिकेट नोंदींची रांग पाहिलीस की एकच ठेच किती लोकांना लागते आणि प्रत्येकाला ती आपल्यालाच पहिल्यांदा लागली असं कसं वाटतं, ते कळेल.

आता एक उदाहरण तुझ्याच प्रोजेक्टमधलं. तू मागे म्हणाली होतीस की शेपफाइलमध्ये, म्हणजे नकाशाच्या माहितीच्या फाइलमध्ये, रकान्याला 'पाणी' असं नाव दिलं तर ते कापलं जातं, आणि हा क्यूजीआयएसचा बग आहे. तो बग नाही गं. शेपफाइलची माहिती डीबीएफ नावाच्या जुन्या पद्धतीने साठवली जाते आणि तिथे रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. 'पाणी' मध्ये प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट झाले. मावणार कसं? उपाय असा की शेपफाइल सोडायची आणि जिओपॅकेज हा दुसरा फाइल-प्रकार वापरायचा, तिथे हे बंधन नाही. अशी तक्रार ट्रॅकरवर दिसली तर 'नॉट अ बग' म्हणून बंद करता येईल, पण बंद करताना हे सगळं दोन ओळींत समजावून सांग आणि जिओपॅकेजचा रस्ता दाखव. तक्रार करणारा कुणी तलाठी कार्यालयातला असेल, कुणी पाणलोटाच्या कामावरचा कार्यकर्ता असेल. त्याला त्याचं काम पुढे न्यायचंय. नुसता शिक्का मारून त्याच्या तोंडावर दार लावलंस तर तो पुन्हा कधी काही नोंदवणार नाही.

जुन्या नोंदींबद्दल माझं मत पक्कं आहे. नुसत्या वयामुळे कुठलीही तक्रार बंद करू नये. गिटहबवर बरेच प्रकल्प असा रोबो लावतात की काही दिवस हालचाल नसली की तो नोंद 'शिळी' ठरवून मिटवून टाकतो. यादी छोटी दिसते, बिघाड तिथेच राहतो. लिब्रेऑफिसची पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते. वर्षभराहून जास्त काळ कुणी हात न लावलेल्या नोंदींवर ते विनंती टाकतात की नव्या आवृत्तीवर पुन्हा एकदा करून बघा आणि काय दिसतं ते कळवा. ती विनंती वाचून उत्तर देणारं माणूस तू हो. दहा वर्षांपूर्वीची नोंद आजही घडते असं पुराव्यासह लिहिलंस तर ती पुन्हा जिवंत होते. घडत नसेल तर मिटते. दोन्हींत यादी खरी होते. उबुंटूची पहिली नोंद तर मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये स्वतः केली होती, बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वाधिक आहे ही तक्रार म्हणून. ती २०१३ मध्ये त्यांनीच बंद केली, आणि बंद करताना फोन-टॅब्लेटमुळे चित्र कसं बदललं ते सविस्तर लिहिलं. नऊ वर्षांची नोंद मिटवतानाही कारण दिलं, हे मला आवडलं.

गंभीर किती आणि आधी कुठलं, हे दोन प्रश्न वेगळे ठेव. माणसाची फाइलच नष्ट होते, प्रोग्रॅम कोसळतो, ते गंभीर. बटणाचा रंग चुकला ते किरकोळ. हे तू ठरवू शकतेस, कारण ते पाहून ठरतं. पण कुठलं काम आधी हातात घ्यायचं हे ज्यांना ते करायचंय त्यांच्यावर सोड. आणि परवानगीची घाई करू नकोस. बऱ्याच ठिकाणी नव्या खात्याला दुसऱ्याच्या नोंदीची स्थिती बदलता येत नाही, फक्त लिहिता येतं. मोझिलाच्या बगझिलात खात्री करण्याची आणि नोंद बदलण्याची परवानगी कामावरून मिळते. गिटहबवर २०१९ पासून 'ट्रायाज' अशी वेगळी भूमिका आहे, कोडला हात न लावता नोंदी आवरणाऱ्यांसाठी. चांगलं लिहीत राहिलीस की ते स्वतःहून विचारतील.

आता जिथे तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही त्या जागेकडे येऊ. मराठीच्या तक्रारी. अमेरिकेतल्या, जर्मनीतल्या डेव्हलपरला देवनागरी लिपी आहे एवढं माहीत असतं. मराठी आणि हिंदी यांच्यात फरक आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या गावच्या पंचसूत्रीतला, म्हणजे गावाने पाळलेल्या पाच नेमांतला, एक शब्द घे, कुऱ्हाडबंदी. यातला 'ऱ्ह' हा सॉफ्टवेअरची चांगलीच परीक्षा घेतो. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसरा, साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि पुढे ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण साधा शोध घेणारं सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळे शब्द समजतं. ग्रामसभेचे ठराव दोन जणांनी दोन कीबोर्डवर टाइप केले असतील, तर 'कुऱ्हाडबंदी' शोधल्यावर अर्धेच सापडतील. 'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत. त्यामुळे 'ॲप' हा शब्द आजही दोन रूपांत फिरतो. तुझ्या प्रकल्पात या दोन्हींचा शोध नीट लागतो का, वर्णक्रम नीट लागतो का, तपास. लागत असेल तर आनंदच. नसेल तर तशी नोंद आधी आहे का बघ, असेल तर तिच्यात नेमकं उदाहरण घाल.

अक्षराच्या आकाराची तक्रार आली तर ती कुणाच्या दारात न्यायची हेही तू शोधू शकतेस. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस हे सगळे अक्षरं जुळवायला हार्फबझ नावाचं एकच साधन वापरतात, आणि आकार येतात फॉन्टमधून. म्हणून फॉन्ट बदलून बघ. लोहित लाव, नोटो लाव, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता लाव. एकाच फॉन्टमध्ये बिघडतंय आणि बाकीच्यांत ठीक, तर तक्रार फॉन्टवाल्यांकडे. सगळ्या फॉन्टमध्ये एकाच सॉफ्टवेअरमध्ये बिघडतंय, तर त्या सॉफ्टवेअरकडे. मराठी ल आणि श हिंदीसारखे दिसत असतील तर मजकुराची भाषा 'मराठी' अशी ठरवलेली आहे का तेही पाहा, कारण चांगला फॉन्ट त्यावरून आकार बदलतो. एवढं तीन ओळींत लिहिलंस आणि पडद्याचं चित्र जोडलंस की ज्याला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही तोसुद्धा दुरुस्ती करू शकतो. इंग्रजीची भीती मनातून काढ. लहान वाक्यं लिही. तिथे अर्ध्या जगाची इंग्रजी तोडकीमोडकीच असते.

काही गोष्टी मात्र ताई म्हणून दटावून सांगते. ट्रॅकरवर काहीही टाकलंस तर ते जन्मभर उघडं राहतं, असं समजूनच टाक. खात्यासाठी वेगळा ईमेल काढ. बगझिलात पत्ता इतरांना दिसू शकतो. नमुना फाइल म्हणून कुणाचा सातबारा, आधार, बँकेचं पान जोडू नकोस, आणि दुसऱ्या कुणी जोडलेलं दिसलं तर चालकांना लगेच कळव, तोवर स्वतः तशीच बिघडणारी बनावट फाइल करून दे. आणि एखाद्या बिघाडातून कुणाच्या संगणकात शिरता येईल असं वाटलं तर त्यावर उघड चर्चा अजिबात करू नकोस. अशा नोंदींसाठी प्रत्येक प्रकल्पाचा खासगी मार्ग ठरलेला असतो.

दुसरं, गर्दीत शिरू नकोस. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाच्या टी-शर्टसाठी हजारो मुलांनी, त्यांत आपल्याकडची पुष्कळ, लोकांच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले. आता तीच गत एआयने लिहिलेल्या खोट्या तक्रारींची आहे. कर्ल या मुक्त साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये त्याबद्दल उघडपणे संताप व्यक्त केला. जो बिघाड तू डोळ्यांनी पाहिला नाहीस तो लिहायचा नाही. एआयला विचारून इंग्रजी नीट करून घेतलीस तर हरकत नाही, पण 'मी तपासलं' हे वाक्य फक्त तपासल्यावरच लिही.

तिसरं, पलीकडचं माणूस दमलेलं असतं हे विसरू नकोस. एक्सझेड नावाचं एक छोटं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते लासे कोलिन हा एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. काही अनोळखी खात्यांनी त्याच्यावर तगादा लावला की काम हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या. त्यातूनच एक जण आत शिरला आणि त्याने चोरवाट ठेवली. २०२४ च्या मार्चमध्ये ती सापडली, कारण अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे गेला. तगादा लावणारे आणि मोजणारा, दोघेही तिथेच होते. तू कुणासारखं वागायचं ते मला तुला सांगायला नको. 'अजून किती दिवस?' असं कधी लिहू नकोस. सहमती दाखवायला नुसतं 'माझंही तेच' असंही नको, त्याने यादीतल्या सगळ्यांना फुकट ईमेल जातात. सांगण्यासारखी नवी माहिती असेल तरच लिही.

पैशाचं विचारलं होतंस, तेही सांगते. या कामाचे थेट पैसे मिळत नाहीत. पण आउटरीची म्हणून एक उपक्रम आहे, ज्यांना या क्षेत्रात सहज जागा मिळत नाही अशांसाठी, मुलींसाठी विशेष. ग्नोमने २००६ मध्ये मुलींसाठी जे सुरू केलं त्यातून तो वाढला. घरबसल्या काम, विद्यावेतनासह. त्यात निवड होण्याआधी प्रकल्पात खरं काम करून दाखवावं लागतं, आणि नोंदी तपासलेल्या मुलीला प्रकल्प आतून माहीत असतो. गूगल समर ऑफ कोडसाठीही हेच. नोकरीच्या मुलाखतीत तू स्वतः लिहिलेल्या नोंदींचे दुवे दाखवू शकलीस तर मी तरी, समोर बसलेली असले तर, प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याआधी तेच उघडून वाचेन.

आणि कुणी तुसडेपणाने बोललं तर? बोलतील. लगेच उत्तर देऊ नकोस, दुसऱ्या दिवशी दे, आणि फक्त मुद्द्यापुरतं. घाण बोललं तर प्रत्येक मोठ्या प्रकल्पाची आचारसंहिता असते, तिथे कळव. सहन करत बसू नकोस आणि त्या एका माणसामुळे काम सोडूही नकोस. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. परीक्षेच्या महिन्यात तीही नको.

तर या रविवारी लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती टाकून घे किंवा क्यूजीआयएसची, जे तू निवडशील ते. आठवडाभर वाचून झालं की खात्री न झालेली एक नोंद उघड, पायऱ्या कर, आवृत्तीसह काय दिसलं ते लिही. टाकण्याआधी मसुदा मला पाठव, इंग्रजी मी बघून देते. टाकल्यावर नोंदीचा क्रमांक पाठव.